वाफेतलं हॉटेल आणि आईचा उजवा हात

थंडीतल्या सकाळी ते हॉटेल जमिनीला टेकलेलं नसायचं. कुंडांमधून वाफ उठायची, अंगणभर पसरायची आणि बघता बघता पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत सगळं पांढरं होऊन जायचं. वर तेवढी खिडक्यांची रांग दिसायची, त्यावर घुमट आणि त्याच्या मागे सातपुडा. त्या वाफेतून पांढऱ्या पंच्यातली माणसं हळूहळू चालत यायची आणि परत वाफेत शिरायची. त्यांच्यात कोण व्यापारी, कोण निवृत्त मास्तर आणि कोण नुकतंच बायपास करून आलेलं, काही कळायचं नाही. मी तिथे चार हिवाळे काम केलं. आजही त्या सकाळी आठवल्या की मला वाटतं, मी हे झोपेत तर पाहिलं नाही ना? पण झोपेत पाहिलेल्या गोष्टीची टोचणी लागत नाही. मला लागली, चांगली चार वर्षं लागली.

शहाद्याच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथे गरम पाण्याचा एक झरा आहे. पूर्वी तिथे फक्त एक दगडी कुंड होतं. खरूज-नायटा झालेली माणसं यायची, अंघोळ करायची, जुना कपडा झाडाला बांधून निघून जायची. आमच्या शेटजींचा गुडघा त्या पाण्याने बरा झाला आणि तिथून सगळं सुरू झालं. शेटजींच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन बाजारपेठेत कापडाचं दुकान टाकलेलं. नातवाने आयुष्यभर कापडच मोजलं. पन्नाशीनंतर गुडघा बरा झाला आणि माणूस स्वप्न बघायला लागला. मकराण्याहून संगमरवर आणला, वीस टबांची स्नानगृहं बांधली, पथ्याचा मुदपाकखाना केला, पांढऱ्या कोटातला डॉक्टर ठेवला. पाटीवर 'आरोग्यधाम' होतं, पण आम्ही सगळे त्याला गरम पाण्याचं हॉटेल म्हणायचो. सुरतेहून, इंदूरहून, नाशिकहून गाड्या यायच्या. जन्मभर फाफडा आणि शेव खाल्लेली माणसं उकडलेला दुधी असा भक्तिभावाने खायची की मला हसू आवरायचं नाही.

एका वर्षी शेटजींनी सारंगखेड्याच्या बाजारातून पांढरा घोडा आणला. पाहुण्यांनी सकाळी रपेट करावी, अशी कल्पना. आता गुडघे आणि कंबर धरून आलेली माणसं घोड्यावर कशी बसणार, हा प्रश्न कुणी त्यांना विचारला नाही. घोडा चार वर्षं नुसता फोटोत उभा राहिला. तोही पुढे पुढे कुंडाचंच कोमट पाणी प्यायला लागला, साधं पाणी पुढे केलं की तोंड फिरवायचा. घोड्यालाही पथ्य लागलं, असं आम्ही म्हणायचो.

मी तिथे गेले ती आईसाठी. कोरीटकडच्या आमच्या गावात आई तिच्या भाकरीसाठी ओळखली जायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी ती अशी थापायची की परातीत फिरताना भाकरीचा एक मऊ आवाज यायचा आणि तो आवाज मी ओसरीवर पुस्तक वाचत असले तरी ऐकू यायचा. एका सकाळी तो आवाज मध्येच थांबला. मी आत गेले तर आई चुलीपुढे कलंडलेली आणि तव्यावरची भाकरी जळून काळी झालेली. लकवा. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. पाय हळूहळू परत आला, ओढत का होईना चालायला लागली. हात आला नाही. बोलण्यात एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे हो. भूक लागली का, हाव. पोट भरलं का, हाव. जगायचं का मरायचं असं विचारलं असतं तरी तिने हावच म्हटलं असतं.

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. लग्नाचा विषय आमच्या घरात जुना होऊन बंद पडलेला. वडील नव्हते, भावंडं नव्हती. आई आणि मी, एवढंच घर. डोंगरातल्या आश्रमशाळेत मी दोन वर्षं शिकवलेलं, त्यामुळे डोंगरातल्या पावरा लोकांची पावरी बोली कामापुरती येत होती. घरी अहिराणी, पुस्तकातली मराठी, बाजारातली हिंदी. पाहुण्यांशी आणि डोंगरातून कामाला येणाऱ्या माणसांशी बोलेल असं कुणीतरी शेटजींना हवंच होतं. मी एकच अट घातली. मागच्या बाजूची कोपऱ्यातली खोली आईला द्यायची आणि रोज तिच्या हाताला मालिश व्हायची. शेटजी म्हणाले, "बाई, आई म्हणजे आईच. तिला घेऊनच या."

ते मालिश करणारे बाबा. डॉक्टरचा कोट पांढरा होता, संगमरवर पांढरा होता, पण लोक परत परत यायचे ते बाबांच्या काळ्या हातांसाठी, हे शेटजींपासून घोड्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. वरच्या एका पाड्यावरचे पावरा म्हातारे. हाडं बसवण्यात पिढ्या गेलेल्या. मोहाच्या बियांचं तेल स्वतः काढून आणायचे. शेटजींनी त्यांनाही पांढरा गणवेश शिवला. बाबांनी वरचा सदरा घातला, विजार घडी करून परत दिली. चपला तर पाहिल्याही नाहीत. माहितीपत्रकात त्यांच्या फोटोखाली 'वनौषधी तज्ज्ञ' असं छापलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हाऊ कोन?"

रोज दुपारी जेवणं झाल्यावर, हॉटेल झोपलेलं असताना, बाबा आईच्या खोलीपुढच्या कडुनिंबाखाली यायचे. आई खाटेवर, बाबा खाली जमिनीवर. पहिले काही दिवस आई पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसायची, परक्या माणसाच्या हातात हात द्यायचा म्हणून. नंतर पदर कपाळावर गेला आणि मग डोक्यावर. बाबा कोपरापासून सुरू करायचे. अंगठा मनगटाकडे असा सरकवत आणायचे की जणू आत हरवलेलं काहीतरी वाट दाखवून बाहेर आणतायत. आणि हे करताना बोलत राहायचे. मोडकी अहिराणी, मध्ये पावरी. आई हाव हाव करायची. तसं पाहिलं तर सगळं हॉटेलच आईशी बोलायचं. आचारी यायचा, झाडूवाली यायची, शेटजीसुद्धा कधीमधी यायचे. जी बाई फक्त हाव म्हणते तिला माणूस काहीही सांगू शकतं. मला मात्र कुणी काही सांगायचं नाही, कारण मी उलट प्रश्न विचारायचे. त्या वेळी बाबा काय बोलतायत हे ऐकावं असंही मला वाटलं नाही. मी खिडकीतून फक्त बोटं बघायचे. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी करंगळी हलली. तिसऱ्या हिवाळ्यात दोन बोटं.

चौथ्या हिवाळ्यात पाणी निवायला लागलं.

आधी कुणी कबूल करेना. बोट बुडवायचं आणि म्हणायचं, आज हवाच गार आहे. मग वाफ कमी झाली. सकाळी हॉटेल जमिनीवर दिसायला लागलं, नुसती एक इमारत, भिंतीला ओल आलेली. कुणी म्हणे केळी-पपईवाल्यांनी बोअर खोल नेले, कुणी म्हणे देव रुसला. मला वाटतं आम्हीच वीस टब भरायला दिवसरात्र पंप लावून झऱ्याचं सगळं आयुष्य उपसलं. शेटजींनी गुपचूप मागे बॉयलर बसवला. पाणी गरम झालं, पण वाफेला डिझेलचा वास यायला लागला. आरोग्याला आलेल्या माणसांना नाक असतं. एक एक गाडी कमी झाली. डॉक्टर लग्नाला जातो म्हणून गेला तो गेलाच. घोडा सारंगखेड्यालाच परत विकला गेला. गाडीत चढवताना त्याने मागे वळून कुंडाकडे पाहिलं, असं माळी सांगायचा. माळ्याला सगळ्याच प्राण्यांचं दुःख दिसायचं.

माझा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. दोन बोटं हलली होती, अजून तीन राहिली होती. हॉटेल बंद पडलं तर बाबा त्यांच्या पाड्यावर आणि आई आमच्या गावी, मध्ये अख्खा डोंगर. आईची मूठ वळायच्या आधी हे दुकान मिटू नये, एवढंच मी रोज संध्याकाळी दिवा लावताना मागायचे. देवाकडे थेट हॉटेल मागायचे, म्हणजे बघा.

त्या वर्षी होळीच्या महिनाभर आधी बाबा मला म्हणाले, की यंदा मी पाळणी धरली आहे, होळी पेटेपर्यंत येणार नाही. डोंगरात होळी हा मोठा सण. काही माणसं नवस बोलतात आणि पाच वर्षं दर होळीच्या आधी पाळणी पाळतात. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर निजायचं, आपलं अन्न आपण शिजवायचं, पायात काही घालायचं नाही. बाबांच्या पाड्यावर त्या दिवसांत कुणाला स्पर्शही करत नाहीत. पाळणीत चूक झाली तर नवस फसतो, आणि ज्याच्यासाठी बोललेला असतो त्याच्यावर येतं. मी विचारलंही नाही की कशासाठी. नातवंडासाठी असेल, असं आपलं समजले. बाबा गेले. तेवढे दिवस आईच्या हाताला तेल मीच लावत होते, पण पोळीला तूप लावावं तसं, वरवर.

होळीला पाच-सहा दिवस उरलेले. शेटजी दिवाणखान्यातल्या माझ्या कामाच्या टेबलाशी आले. सुरतेहून यात्रा नेणारे एक मोठे गृहस्थ दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांचा खांदा धरलेला होता. बाबांबद्दल ऐकूनच ते येत होते. खांदा मोकळा झाला तर ते वर्षभर बस भरून पाहुणे पाठवणार होते. "मॅडम, हे जमलं तर आपण तरलो. आई या पावसापर्यंतच काय, हॉटेल चालेल तोवर इथे राहतील," शेटजी म्हणाले. त्यांनी धाक दाखवला नाही. त्यांचा चेहराच इतका उतरलेला होता की धाकाची गरज नव्हती. "पण बाबा येईल का?"

"येतील," मी म्हणाले.

पाड्यावर फोन लागत नव्हता. हॉटेलची जीप पाठवायची ठरलं. ड्रायव्हर निघाला तेव्हा मी त्याला फाटकाशी गाठलं. पाहुण्यासाठी बोलावलंय म्हटलं तर बाबा येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ड्रायव्हरला म्हणाले, "सांग की आईचा हात पुन्हा गेला. लगेच बोलावलंय."

हे वाक्य बोलायला मला काही जड गेलं नाही. मनात म्हटलं, आईसाठीच तर आहे, म्हणजे अर्धं खरंच आहे. शाळेत मुलांना मी खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करायचे, त्याच तोंडाने.

जीप दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी परत आली. ड्रायव्हर वैतागलेला. "तो गाडीमा बठना नही. सीट म्हनजे खाटच शे म्हने. पाये येई ऱ्हायना," तो म्हणाला. म्हणजे बाबा पहाटेच पायी निघाले होते. तिथून इथपर्यंत घाटाची वाट, जीपलाच अडीच तास लागतात. मी टेबलाशी बसून राहिले. सुरतेचे गृहस्थ दिवाणखान्यात खांदा धरून घड्याळ बघत होते. मी त्यांना चार वेळा लिंबूपाणी पाठवलं.

ऊन कलताना बाबा फाटकातून आत आले. अनवाणी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे. हॉटेलच्या संगमरवरावर त्यांनी पाऊल ठेवलं नाही, मागच्या बाजूने फिरून सरळ कडुनिंबाखाली गेले. मी धावत गेले. आई खाटेवर बसली होती, चांगली, शेंगा सोलायचा प्रयत्न करत डाव्या हाताने. बाबा पाच-सहा हात लांब उभे राहिले.

"हात दखाड," ते आईला म्हणाले.

आईने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि दोन बोटं उचलली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. रोज उचलायची तशीच.

बाबा खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं, भांडं जमिनीवर ठेवून. त्यांनी ते वरून प्यायलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिथे मी खरं सांगायला हवं होतं. पण मी म्हणाले, "काल हलत नव्हता हो. आज सकाळीच परत हलायला लागला." एक खोटं झाकायला दुसरं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त गुळगुळीत. आई माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने हाव म्हटलं नाही.

मग मी पाहुण्यांचा विषय काढला, सहज आठवल्यासारखा. आलाच आहात तर. बाबांनी मान हलवली. "पाळणी शे," एवढंच.

मला वाटलं ते उठतील आणि जातील. ते उठले नाहीत. मला म्हणाले, की मी हात लावू शकत नाही, पण तुला हात आहेत. बस तिथे. तेल घे.

मग तासभर जे झालं ते मला आता डोळ्यांसमोर दिसतं ते वाफेत दिसावं तसं, कडा नसलेलं. कडुनिंबाची फुलं गळत होती. बाबा पाच हात लांब जमिनीवर बसलेले, स्वतःच्याच डाव्या हातावर उजव्या अंगठ्याने दाखवत होते आणि मी ते आईच्या हातावर करत होते. "जोर नको. आठे थांब. हाडनी बाजूले ये. घाई कोनले शे?" मी चुकले की ते तोंडाने टक् असा आवाज करायचे. मी पुन्हा करायचे. एका क्षणी अंगठ्याखाली काहीतरी दोरीसारखं सरकलं आणि आईचं तिसरं बोट, मधलं, ताठ झालं आणि खाली पडलं. आई म्हणाली, "हाव." मी वर पाहिलं तर बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, चालून दमलेत.

सुरतेचे गृहस्थ मागच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिलेले आम्हाला कळलंच नाही. बाबा टेबलाशी बसणाऱ्या बाईला शिकवतायत आणि आपल्याकडे बघतही नाहीत, हे पाहून ते जे रागावले ते सामान घेऊन निघूनच गेले. शेटजी संगमरवरी पायऱ्यांवर बसले. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, बोलणी खायला. ते म्हणाले, "बाबाने काही खाल्लं का?" मी म्हणाले, ते स्वतःच शिजवतात. "मग कोरडा शिधा द्या," शेटजी म्हणाले आणि बंद पडलेल्या कारंज्याकडे बघत बसले. वाईट माणूस नव्हता तो. चुकीच्या धंद्यात पडलेला कापडवाला होता.

बाबा त्या रात्री झाडाखाली भुईवर निजले आणि उजाडायच्या आत निघून गेले.

होळी झाली. आणि पंधरा दिवसांत सगळ्या जगालाच पाळणी लागली. कुणी कुणाला शिवायचं नाही, सहा फूट लांब उभं राहायचं, आपलं आपण शिजवून खायचं. टीव्हीवरचा माणूस हे सांगत होता तेव्हा मला पाच हात लांब बसलेले बाबाच दिसत होते. हॉटेल एका दिवसात रिकामं झालं. ज्या धंद्यात हात लावणं हीच विद्या, तो धंदा त्या वर्षी कसा टिकणार? शेटजींनी फाटकाला कुलूप लावलं ते पुन्हा उघडलं नाही. आई आणि मी भाजीच्या टेम्पोतून गावी आलो.

त्या सबंध उन्हाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मला एकच काम होतं. रोज दुपारी आईचा हात. डोळे मिटले की ते टक् ऐकू यायचं. माझा अंगठा सुजायचा, मग सुजायचा थांबला आणि कडक झाला. चौथं बोट पावसाळ्यात आलं. अंगठा दिवाळीनंतर. आईची जीभही हळूहळू सुटली, पण हप्त्याने, आज दोन शब्द, पुढच्या महिन्यात चार. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी मी अंगणात होते आणि आतून परातीचा आवाज आला. अडखळत, थांबत, पण तोच. आईने भाकरी थापली होती. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली, नकाशावरच्या एखाद्या बेटासारखी. मी ती उभ्यानेच खाल्ली आणि खाता खाता रडले. आई म्हणाली, "मीठ नही का?"

दोन वर्षांनी होळीआधीचा भोंगऱ्या बाजार पुन्हा भरला. डोंगरातली सगळी माणसं त्या बाजारात उतरतात, तेव्हा बाबा भेटतील म्हणून मी आईला घेऊन गेले. ढोल वाजत होते, गूळ-डाळ्यांचे ढीग, साखरेच्या हारांचे गुलाबी-पांढरे घोस. आईने स्वतः एक हार निवडला. आणि बाबा दिसले, एका कडेला, गर्दीपासून लांब. अनवाणी. मी हाक मारली. ते वळले, हसले आणि लगेच दोन पावलं मागे सरकले. पाळणी चालूच होती, तिसरं वर्ष.

आई पुढे झाली. तिने उजव्या हातात हार धरून हात पूर्ण वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. पाचही बोटं मिटलेली. बाबा बघत राहिले. बाजारात एवढा गलका, पण त्या दोघांना काही घाई नव्हती. मग आई वाकली, हार एका स्वच्छ दगडावर ठेवला, बोटं एक एक करून सोडली आणि मागे आली. बाबांनी तो उचलला आणि डोक्याला लावला.

परतीच्या जीपमध्ये मी आईला म्हणाले, कशाचा नवस असेल गं एवढा पाच वर्षांचा?

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मन्हा हातना."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानीच. झाडखाले. तवय माले बोलता कोठे ये?"

जीप चालत राहिली. मी हिशोब जुळवत गेले. ज्या हातासाठी माणूस भुईवर निजत होता, तोच हात गेला, असा निरोप मी त्याला पाठवला होता. पाळणीत चूक झाली तर ज्याच्यासाठी नवस, त्याच्यावर येतं. म्हणजे ते सगळा डोंगर उतरले ते आईच्या काळजीने तर उतरलेच, पण आपलं कुठे चुकलं हे शोधत उतरले. कुठल्या घासाला, कुठल्या पावलाला, कुणाचा धक्का लागला का, हे आठवत. आणि मी पाणी देताना म्हणाले होते, काल हलत नव्हता. आईला हे सगळं तेव्हाच कळलं होतं आणि तिच्याजवळ शब्द नव्हता. मी जीप थांबवून परत जायला हवं होतं. नाही गेले. धीर झाला नाही, हे सरळ सांगते.

पुढच्या वर्षीही गेले नाही. पाचव्या वर्षी आई म्हणाली, "यंदा चाल. नवस फिटी ऱ्हायना." बाबांची पाच वर्षं यंदा पुरी होत होती. तिला अर्थात माझ्या तोंडावरून सगळं कळत होतं. आम्ही वर गेलो. डोंगरातली होळी पहाटे पेटते. उजाडताना ज्वाळा खाली बसल्या, मोरपिसांचे टोप उतरू लागले, घुंगरं सैल झाली. बाबा राखेच्या कडेला उभे होते, खूप म्हातारे झालेले. आम्हाला पाहून या वेळी ते मागे सरकले नाहीत. सरळ आले, चार वर्षांनी पहिल्यांदा आईचा हात हातात घेतला आणि अंगठा कोपरापासून मनगटाकडे आणला. मग तळवा उघडून पाहिला. मग माझा हात मागितला आणि माझा अंगठा चाचपला. तो कडक झालेला पाहून त्यांनी मान हलवली.

तेव्हा मी सांगितलं. आईचा हात गेलाच नव्हता. मी खोटा निरोप पाठवला होता, पाहुण्यासाठी. आणि नंतरही खोटं बोलले.

बाबांनी माझा अंगठा सोडला नाही. राखेकडे बघत त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं, हात गेला नव्हता? मी म्हणाले, नाही. एक दिवससुद्धा नाही.

"म्हनजे मी चुकनू नही," ते म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला त्यांनी पावरीत तेच सांगितलं आणि मुलगाही हसला. मुलाने सांगितलं, चार वर्षं घरात त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, त्या दिवसांत कुणी मला शिवलं का. रागवायचं त्यांना सुचलंच नाही. मी मात्र तिथे राखेपाशी लहान मुलीसारखी रडले. बाबांनी माझं रडणं होऊ दिलं, मग अंगठा हलवून म्हणाले, "जोर कमी करजो. मानसले लागस."

परतताना आम्ही हॉटेलवरून आलो. फाटक गंजलेलं, घुमटावर पिंपळ उगवलेला, संगमरवर कुणी कुणी उचलून नेलेला. पण पंप बंद पडले तसं झऱ्याचं पाणी पुन्हा तापलंय. जुन्या दगडी कुंडावर दोन बाया मुलांना अंघोळ घालत होत्या आणि झाडाला कपडे बांधलेले होते. वाफ इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत पसरली होती. आईने खाली बसून उजवा हात पाण्यात घातला, चटका बसला म्हणून पटकन काढला आणि मला म्हणाली, "हाव. तपेल शे."